इथं पान फाटलंय

भर दुपारी मी एका रिकाम्या रांजणात तोंड घालून उभा होतो आणि मेलेल्या माणसाच्या आवाजात खाकरत होतो.

हसायचं असेल तर हसा. मीही हसतच होतो. हसू दाबून दाबून पोटात गोळा आलेला, कपाळावरचा घाम टपटप रांजणात गळतोय, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात बॅटरी. असा सगळा थाट.

तेव्हा माझी 'उगले साउंड सर्व्हिस' होती. लग्न असो, पुढाऱ्याची सभा असो की कोणाची म्हैस हरवलेली असो, आमच्या गावात भोंगा वाजायचा तो माझाच. हे सामान ठेवायला मी कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगचं मागचं गोदाम घेतलं होतं. गोदामाच्या पलीकडे नारायणराव काळमेघांच्या घराचा मागचा ओटा. मधे भिंत एकच, आणि भिंतीत वर हातभर झरोका. रांजण जिनिंगच्या मजुरांच्या पाण्याचा होता. तळाला चीर गेल्यामुळे कोपऱ्यात पडून राहिलेला. त्यात तोंड घालून बोललं की माणसाचा आवाज जाड व्हायचा, विहिरीतून आल्यासारखा.

नकला करायची खोड मला लहानपणापासूनची. तहसीलदार, भटजी, नगराध्यक्ष, सगळे माझ्या गळ्यात मुक्कामाला. पण काळमेघ काकांची नक्कल खास. काका कापसाच्या बाजारात मापारी होते. जन्मभर मापं ओरडून आवाज घोगरा झालेला. बोलण्याआधी एक 'हं', मग खाकरणं, मग जिभेला बोट लावल्याचा 'च्यक', आणि मग वाक्य. मी ही नक्कल त्यांच्यासमोरच करायचो. तेच सगळ्यांत जास्त हसायचे.

होळीच्या आसपास काका गेले. गेले तेही कसे, तर द्वारकाकाकूंना कादंबरी वाचून दाखवताना. काकूंची नजर मोतीबिंदूच्या ऑपरेशनात गेली होती. आधी त्या घरातल्या वाचणाऱ्या आणि काका पुस्तकाला हात न लावणारे. डोळे गेल्यावर काकांनी पुस्तक हातात घेतलं ते घेतलंच. रोज दुपारी जेवण झालं की मागच्या ओट्यावर दोघं बसायची. हे वाचायचे, त्या ऐकायच्या. त्या दिवशी काका वाक्याच्या मधेच थांबले. काकूंना वाटलं, पाणी पीत असतील. त्या बराच वेळ पुढच्या शब्दाची वाट पाहत बसल्या.

आता आमच्या वाचनालयाची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सभासद वारला आणि त्याच्याकडे पुस्तक राहिलं, तर ते तेरवीला, तेराव्या दिवशी, परत आणायचं. घरात अर्धवट वाचलेलं पुस्तक राहिलं की जाणाऱ्याचा जीव त्यात अडकतो म्हणतात. आमचे ग्रंथपाल बाबाराव इंगोले एरवी सरकारी पत्राचं उत्तर वर्ष वर्ष देत नसत, पण ही रीत त्यांनी कधी मोडली नाही. तेरवीचं जेवण झालं आणि त्यांनी काकूंच्या मांडीवरचं पुस्तक उचललं.

"बाबाराव, अर्धीच झाली हो गोष्ट," काकू म्हणाल्या.

"काकू, घरात ठेवू नये."

"मंग मले कोण सांगन पुढं काय झालं ते?"

बाबारावांनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि ते निघाले. त्या दिवसापासून काकूंचं जेवण सुटलं. दोन घास चिवडायच्या आणि ताट सरकवायच्या. नागपूरहून मुलाचा, मधुकरचा, निरोप आला, 'अकितीला येतो आणि आईला घेऊन जातो.' अकिती म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरतात आणि भर दुपारी त्यांना जेवू घालतात.

मी एकदा वाचनालयात बसून काकांची नक्कल करत होतो, तर बाबाराव म्हणाले, "बस कर बे. मेलेल्या माणसाची नक्कल करू नये."

"काऊन? राग येईल त्यांले?"

"आन् नक्कल साधली तरी काकूले फसवता येनार नाई तुले. आंधळ्या माणसाचा कान लई पक्का असते."

झालं. माझ्यासारख्याला एवढं पुरे होतं. बाबारावांच्या नाकासमोरून मी ते पुस्तक शर्टाखाली घालून आणलं. रेक्झिनची बांधणी, कव्हर केव्हाचं गेलेलं, नाव नाही, लेखक नाही. काका खुणेला वापरायचे ती निंबाची काडी काकूंनी त्यांच्या शेवटच्या पानात घातलेली, ती अजून जागेवर होती.

तर असा मी रांजणात तोंड घालून. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं. कावळे चोच वासून बसतात, पत्रे आपोआप तडतडतात. म्हातारी माणसं सांगतात, तिन्हीसांजेपेक्षा भर दुपार वाईट. माणसाची सावली पायाखाली जाते आणि बाकीच्यांना रस्ता मोकळा होतो. मी ह्या सगळ्याला हसायचो. बेत साधा होता. पलीकडून किंचाळी आली की आपण पोट धरून हसायचं आणि संध्याकाळी बाबारावांना चहा पाजायला लावायचा.

"हं," मी म्हटलं. खाकरलो. जिभेला बोट लावलं. "तर... कुठं होतो आपण?"

पलीकडे बांगड्या वाजल्या. मग लगेच, अगदी लगेच, काकूंचा आवाज आला. घाबरलेला नाही, रडवा नाही.

"सगुणा पुलापाशी उतरली होती. त्या म्हातारीनं तिले पाणी देल्लं."

एवढ्या उन्हात माझ्या हातांवर काटा. भिंतीपलीकडची बाई भुताला गोष्टीतली जागा सांगतेय, जणू काका मधे फक्त उठून लघवीला गेले होते.

पळावं म्हटलं. पण पुस्तक हातात होतं, आणि निंबाची काडी बरोबर त्याच पानावर. म्हातारी, पाणी, पूल. मी वाचायला लागलो. दुसरं सुचलंच नाही.

गोष्ट अशी होती. दाजिबा आणि सगुणा नावाचं जोडपं. एका विहिरीवरून भांडण होतं आणि दाजिबा रागानं घर सोडतो. काही दिवसांनी सगुणा त्याला शोधायला निघते. ती ज्या गावात पोचते तिथून तो आदल्या दिवशी गेलेला असतो. मग तोही परत फिरतो, तर घराला कुलूप. मग तोही तिला शोधायला निघतो. सगळी कादंबरी दोघांची चुकामूक. वाचताना चीड येते. एका यात्रेत तर दोघं एकाच वडाच्या दोन बाजूंना पाठ टेकून झोपतात, आणि पहाटे आपापल्या वाटेनं उठून जातात. मला ते वाचताना शिवी आली होती. काकांच्या आवाजात कशीबशी गिळली.

त्या दिवशी घसा सुकला तेव्हा मी थांबलो. पलीकडून काकू म्हणाल्या, "बस आता. थकले तुमी. उद्या."

संध्याकाळी बाबाराव भेटले तर मी त्यांना काही सांगितलंच नाही. का, ते मला कळलं नाही. असली गंमत मी कधी पोटात ठेवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बरोब्बर दुपारी माझे पाय गोदामाकडे. तिसऱ्या दिवशीही. स्वतःला सांगायचो, चार दिवस मजा पाहू. खरं असं होतं की माझं घर म्हणजे एक खोली, एक स्टोव्ह आणि एक आरसा. गावभर दात काढून घरी आलो की आरशासमोर उभं राहून नकला करायचो, नाहीतर भिंती खायला उठायच्या. आता त्या खोलीत रात्री भाकरी थापताना डोक्यात सगुणा असायची. ती कुठं झोपली असेल? दाजिबाला ताप होता, उतरला असेल का? मी, जयवंता उगले, ज्यानं शाळेनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं, तो एका नाव नसलेल्या कादंबरीतल्या माणसांची काळजी करत होतो.

पलीकडे काकू जेवायला लागल्या होत्या. भांडी घासायला येणारी बाई सगळीकडे सांगत सुटली, "म्हातारी दुपारी भिताडासंगं बोलते, पण जेवते बापा पोटभर."

एक दुपार मात्र वेगळी झाली. गोष्टीत सगुणेला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवतात. गवताची गंजी, पाऊस, दाजिबाचे ओले केस, आणि मग जे व्हायचं ते. लेखकानं हात आखडता घेतला नव्हता. मला गंमतच वाटली. काकांच्या घोगऱ्या आवाजात मी सगळं सविस्तर वाचलं, दाजिबाचे श्वास पण काढून दाखवले. एक शब्द सोडला नाही.

पलीकडे एकदम शांत. बांगडी नाही, पंख्याची करकर नाही. मग हळूच एक आवाज आला. काकू हसत होत्या. तोंडाला पदर लावून हसावं तसं. बराच वेळ.

"वाचा पुढं," त्या शेवटी म्हणाल्या. "थांबले काऊन?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी एक प्रकार झाला. मी रांजणात वाकलो, श्वास घेतला, 'हं' म्हणणार इतक्यात रांजणातून 'हं' आला.

मी मान वर काढली. गोदामात भोंगे उलटे टांगलेले, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी स्वतःला सांगितलं, आवाज घुमतो, तूच म्हणाला असशील. पण घुमलेला आवाज मागून येतो. पुढून येत नाही. हा माझ्या आधी आला होता.

"जिभेले बोट लावा," पलीकडून काकू सहज म्हणाल्या. "पानं चिकटली असतील."

त्या दिवशी मी वाचलं, पण रांजणापासून थोडा लांब उभा राहून. आणि तरी आवाज जाडच आला.

अकिती जवळ आली. थोडीच पानं उरली होती. इतके दिवस मी पुढचं पान कधी पाहिलं नव्हतं. काकू माझ्या आधी ऐकू शकत नव्हत्या, मग मीही त्यांच्या आधी वाचायचं नाही असं आपोआपच ठरून गेलं होतं. पण त्या दुपारी वाचन संपवल्यावर काकू म्हणाल्या, "अकितीले मधुकर येते. उद्या संपवून टाका. अर्धी टाकून मले नागपूरले नका पाठवू." म्हणून किती उरलंय ते पाहायला मी पानं उलटली.

दाजिबा नदीच्या अल्याड पोचलाय. सगुणा पल्याड आहे. नाव मधोमध आहे. आणि त्यानंतर पुस्तक नव्हतं. शेवटची पानं मुळापासून फाटलेली. शिवणीला नुसते कागदाचे दात राहिलेले.

मी तसाच वाचनालयात गेलो. बाबारावांसमोर पुस्तक टाकलं.

"तूनं चोरलं होय बे हे?"

"ते मंग पाहू. शेवट कुठं आहे याचा?"

"तो? मी नोकरीले लागलो तवाच नव्हता."

"दुसरी प्रत?"

"अबे नावच नाई तं प्रत कशी मागवू? कव्हर नाई, पयलं पान नाई. जो वाचते तो शेवट इचारायले येते. मी म्हनतो, तुमीच करा बापा."

"तुमी काय केला?"

बाबारावांनी चष्मा काढून पुसला. हा माणूस माझ्याशी असा कधी बोलला नव्हता. "मी त्यांची भेट करतो. दरवर्षी एकदा वाचतो आन् दरवर्षी करतो. पर मनाले पटत नाई रे. आपन केलेली भेट आन् झालेली भेट, फरक असते."

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू कोनासाठी वाचून रायला?"

मी पुस्तक उचललं आणि बाहेर पडलो.

रात्रभर मी शेवट जुळवत होतो. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नव्हता. नाव काठाला लावायची, दोघांना उतरवायचं, गळ्यात गळा, संपलं. पण प्रत्येक वेळी काकांचा आवाज काढला की ते लबाडीचं वाटायचं. भूत व्हायला मला काही वाटलं नव्हतं. लेखक व्हायची मात्र भीती वाटली.

आणि अकितीच्या आदल्या दिवशी शिवेपलीकडच्या एका गावात लग्न होतं. मुहूर्ताची दाट लग्नं, माझ्याकडे एकच जनरेटर, आणि तो ऐन मंगलाष्टकात बसला. वऱ्हाड ओरडायला लागलं तसा मी स्टेजवर चढलो आणि भोंग्याशिवाय मंगलाष्टकं म्हटली. हजार माणसांना ऐकू जातील अशी. त्यामुळे त्या दुपारी गोदामात जाता आलं नाही, आणि अकितीच्या सकाळी उठलो तर गळ्यातून हवा सुद्धा धड निघेना. साउंड सर्व्हिसवाल्याचा आवाज गेला. अंगात तापही होता. दुपारी घराघरातून पुरणाचा वास येत होता, पितरांची ताटं वाढली जात होती, आणि मी खाटेवर पडून छताकडे पाहत होतो. काकू ओट्यावर बसल्या असतील. वाट पाहत असतील. पाणी पीत असतील, म्हणत असतील.

मला रडू आलं. आवाज नसताना रडायला लई त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक काखेत धरून मी काळमेघांच्या पुढच्या दारात गेलो. ठरवलं होतं, खुणांनी का होईना, सांगून टाकायचं. दारात जीप उभी होती आणि काकूंचा मुलगा मधुकर गादी बांधत होता. मला पाहून तो पुढे आला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"जयवंताभाऊ, आईनं सांगितलं मले सगळं. लई उपकार झाले."

आईनं सांगितलं? म्हणजे काकूंना माहीत होतं?

"काल तर कमालच केली तुमी," तो म्हणाला. "जेवून मी ओसरीत आडवा झालो होतो. अर्धवट झोपेत आवाज आला. म्या म्हटलं, बाबाच. ते शेवटी जरासे खोकले ना, डोळ्यात पाणीच आलं माझ्या."

मी गळ्याकडे बोट दाखवलं. फुसफुस करत म्हटलं, "आवाज... परवापासून बसलाय."

"हो ना? एवढं वाचल्यावर बसणारच," म्हणून तो गादी उचलून जीपकडे गेला.

मी आत गेलो. काकू मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. न्हालेल्या, केस विंचरलेले, नवं लुगडं. शेजारी पितरांची घागर, तिच्यावरचं खरबूज अजून तसंच. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी मान वळवली.

"ये जयवंता. बस. घसा बसला म्हनते तुझा."

"काकू... तुमाले माहीत होतं?"

"पयले काही दिवस नव्हतं," काकू म्हणाल्या. "वाटलं, आलेच. मंग तूनं ते गंजीवरचं वाचलं. सारं. शब्द न् शब्द." त्या पुन्हा तशाच हसल्या, पदर लावून. "अरे, इतकी पुस्तकं वाचली यायनं मले, पर असं काही आलं की लाजून मरत. खाकरत आन् म्हनत, 'इथं पान फाटलंय.' दोन पानं पलटवून पुढं. हरेक पुस्तकात. मले समजे ना, पान शाबूत आहे ते. कागदाचा आवाज येते. पर मी म्हनायची, 'वाचनालयवाले लक्षच देत नाईत हो.' आमचं असं चाले."

"मंग बोलल्या काऊन नाई? हाकलायचं होतं मले."

"कायले? गोष्ट चांगली वाचत होता." त्यांनी हात चाचपडत पुढे केला आणि माझं मनगट धरलं. "आन् तू रोज येत होतास. कोनाच्या घरी कोनी नसन तोच भर दुपारी भिताडाआडून वाचायले येते, बाबू. सगुणेची काळजी तुलेही होती. मले आयकू येत होती ती."

मग मला आठवलं मी कशाला आलो होतो. "काकू, काल... मी आलो नव्हतो."

"मले माहीत आहे."

"मधुकरदादा म्हनतात..."

"त्यालेही आयकू आलं? बरं झालं," त्या म्हणाल्या. जणू मधुकरला दारात कोणी पाहुणा दिसला होता. "तू परवा आला नाईस, काल आला नाईस. मी घागर भरली, ताट वाढलं, आन् बसली. थोड्या वेळानं खाकरले. तिकडून नाई रे." झरोक्याकडे त्यांनी बोट सुद्धा केलं नाही. स्वतःच्या शेजारची जागा थोपटली. मी जिथं बसलो होतो ती जागा. "इथून."

मी थोडा सरकलो. लाज वाटते सांगायला, पण सरकलो.

"नाव काठाले लागली," काकू म्हणाल्या. आता त्या माझ्याशी बोलत होत्या की कोणाशी, कळेना. "सगुणा उतरत होती आन् दाजिबा चढत होता. फळीवर समोरासमोर आले. भांडलेच पयले. 'तू घर सोडून कायले आलीस,' तो म्हने. ती म्हने, 'तुमी किल्ली नेली ना.' त्याच्या कमरेले किल्ली होती रे, इतके दिवस. मंग ते घरी गेले. मंग त्या रात्रीचं आहे. सारं वाचलं यायनं. आवाज कापत होता, पर वाचलं. पयल्यांदा. 'पान फाटलंय' म्हटलं नाई."

पत्र्यावर ऊन तडतडायला लागलं होतं. माझ्या काखेत पुस्तक होतं. काल रात्रंदिवस ते माझ्याच खोलीत, माझ्याच उशीखाली होतं. मला तोंड उघडायचं नव्हतं. पण काकूंचा हात मनगटावरून सरकत पुस्तकावर आला.

"आणलंस? दे."

त्यांनी ते मांडीवर घेतलं. मागून उघडलं. बोटं कागदावरून फिरली, नाव मधोमध असलेल्या पानावरून पुढे गेली आणि शिवणीपाशी थांबली. ते फाटके दात त्यांनी एकेक करून चाचपले. पुन्हा चाचपले. आता या बाईचं काय होणार, मला कळत नव्हतं.

काकूंचा चेहरा आधी पांढरा पडला. मग हळूहळू, नव्या नवरीचा होतो तसा, लाल झाला.

"पाह्य बरं या मानसाची तऱ्हा," त्या पुटपुटल्या. "इतकी वर्सं पान शाबूत असून फाटलंय म्हने. आन् काल फाटलेलं होतं, तं वाचून गेले."

मधुकरनं बाहेरून हाक मारली. काकूंनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "बाबारावले देजो. सांगजो, आता कोनाचा जीव नाई अडकत यात." आणि त्या उठल्या, दाराच्या चौकटीला हात लावला, एकदाही न अडखळता जीपपर्यंत गेल्या.

नागपूरला त्या बरीच वर्षं राहिल्या. मी भोंग्याचं सामान आणायला जायचो तेव्हा वाचनालयातलं एखादं पुस्तक घेऊन जायचो आणि माझ्याच आवाजात वाचून दाखवायचो. तसलं काही आलं की थांबून खाकरायचो, "इथं पान फाटलंय." काकू काठी आपटायच्या. "वाच मुकाट्यानं!"

बाबारावांना मी तो शेवट सांगितला. ते कपाटाला कुलूप लावून घरी गेले, दिवस असताना. किल्लीचं त्यांना कधी सुचलं नव्हतं, असं ते पुढे एकदा म्हणाले.

आता काकू नाहीत, बाबाराव नाहीत. गोदाम पाडून तिथं मंगल कार्यालय झालंय. रांजण तेवढा मी घरी आणून ठेवलाय. तळाला चीर आहे, पाणी राहत नाही. दुपार व्हायला लागली की त्याच्या तोंडावर पालथं ताट ठेवतो.

अकितीला तेवढं काढतो.